पोरी नाही म्हणतात तेव्हा

तुळशीची लग्नं लागली की लातूर-नांदेडच्या मंगल कार्यालयांत परिचय मेळावे सुरू होतील. पोरगं माईक हातात घेऊन नाव, शिक्षण, पगार सांगेल. 'घरची शेती बघतो' म्हणालं, की समोरचे मुलींचे बाप मोबाईलमध्ये डोकं घालतील. त्यांतले बहुतेक बापही शेतकरीच.

आमचा यंदाचा दिवाळी अंक बाई-बाप्यांच्या रागावर काढला, कारण पारापासून व्यासपीठापर्यंत हल्ली तोच ऐकू येतो. पोरींची डोकी फिरलीत, अपेक्षा वाढल्यात, असं एकीकडून. घोडनवऱ्यांनी आधी आरशात बघावं, असं दुसरीकडून. आईबापांसाठी गावात राहिलेल्या पोराची अशी टर उडवणं आम्हाला पटत नाही. पण त्याचा राग चुकीच्या दारात जाऊन उभा राहिलाय, हेही सांगितलं पाहिजे.

डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुण नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले. लोक हसले. गर्भलिंगनिदानाचा कायदा कडक राबवा, ही त्यांची मागणी मात्र रास्त होती. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे 1991 साली 946 मुली होत्या, 2011 साली 894 उरल्या. आपल्या शेजारच्या बीडमध्ये तर 807. पण 2011 ला मोजलेली ती मुलं आत्ता कुठं विशीच्या आसपास पोचताहेत. लातूरच्या क्लासेसमध्ये नीटची तयारी करणाऱ्यांत त्यांतलीही असतील. त्यांच्या लग्नाचा प्रश्न अजून यायचाय. आज तिशीत असलेल्याला पोरगी मिळत नाही ती निव्वळ पोरी कमी आहेत म्हणून नव्हे. ज्या आहेत त्या नाही म्हणतात म्हणून.

हे नाही म्हणणं त्यांना कुणी शिकवलं? स्त्रीवादानं, असं भाषणांतून ठोकून दिलं जातं. स्त्रीवादाची पुस्तकं आपल्याकडच्या किती खेड्यांत पोचली असतील, देव जाणे. शिकवलं आईनं. तिनं उन्हातान्हात सोयाबीन खुरपलं, कापूस वेचला. 2025 साली सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये जाहीर झाला, पण त्याच सप्टेंबरच्या पावसानं मराठवाड्यात उभी पिकं पाण्याखाली घातली. हमीभाव मागायला माल तरी हवा. कर्जापायी नवरा गेल्यावर वसुलीवाल्यांना तोंड देणाऱ्या बाया तिनं आपल्याच गल्लीत पाहिल्या. लेकीला या घाण्याला जुंपायचं नाही, हे तिनं कधीच ठरवून टाकलं. पोरगी मेळाव्यात तेवढंच बोलून दाखवते.

आणि हुंडा? मुली मिळेनात तर तो बंद व्हायला हवा होता. लातूर तालुक्यातल्या भिसे वाघोलीत 2017 साली एका शेतकऱ्याच्या लेकीनं बापाला लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून विहीर जवळ केली. त्यानंतर साध्या लग्नांचे ठराव झाले, भाषणं झाली. आज एकाच घरात सरकारी नोकरीतल्या थोरल्याला हुंडा मिळतो आणि रान सांभाळणाऱ्या धाकट्याला स्थळ येत नाही. धाकट्यानं खरं तर थोरल्याला लागलेल्या भावावर आणि तो ठरवणाऱ्या स्वतःच्या वडिलांवर चिडायला हवं. पण ते पडले घरचे. मग राग निघतो न पाहिलेल्या पोरीवर.

मराठवाड्याला लागून असलेल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली ती संतापूनच. पण संताप कुणावर, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पुरुषांना एक न्याय आणि बाईला दुसरा लावणाऱ्यांची त्यांनी गय केली नाही. टीका झाली तेव्हा जोतीराव फुले त्यांच्या बाजूनं उभे राहिले. पुढे पुरुषांनीही स्वतःबद्दल लिहावं म्हणून 'मावा' या मुंबईच्या संस्थेनं 'पुरुष स्पंदनं' हा दिवाळी अंक चालवला. आमचा अंक त्याच वाटेवरचा, थोडा जास्त धुळीचा.

मेळाव्यातली एक तक्रार तेवढी राहिली: 'पोरींना जमीन हवी, शेतकरी नको.' ऐकायला खटकतं खरं. पण शेतातली खुरपणी-वेचणी बाईच्या वाट्याला आणि सातबारा पुरुषाच्या नावावर, हे पोरीनं आईच्या जन्मात पाहिलंय. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मी मुक्ती'त बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून गावोगाव सांगितलं, त्याला तीस वर्षं उलटून गेली. मुलांच्या बायोडाट्यात बागायती किती, कोरडवाहू किती, बोअरला पाणी किती, सगळं असतं. सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावू, असं लिहिलेला बायोडाटा आम्ही अजून पाहिलेला नाही.