माफीनंतरचे सप्रे
नोकरी गेली, गाव बदललं की हल्ली लगेच सल्ला मिळतो: चिंतेचं ऊर्जेत रूपांतर करा, दीर्घ श्वास घ्या. मला मात्र रायपूरचे माधवराव सप्रे आठवतात. १९०० साली पेंड्र्यातून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारा हा मराठी माणूस १९०७ मध्ये नागपुरात ‘हिंदी केसरी’ चालवू लागला. पुढच्याच वर्षी राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली आणि घरच्यांच्या दबावाखाली त्यांनी माफीनाम्यावर सही केली. सुटका झाली, पण ती सही मनाला खात राहिली. सार्वजनिक जीवनातून बाजूला होऊन ते रामदासी मार्गाला लागले. तिथे ते नुसते जपमाळ ओढत बसले असते, तरी कुणी दोष दिला नसता. त्यांनी लेखणी उचलली. आधी ‘दासबोध’ हिंदीत आणला, मग टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं जाडजूड ‘गीतारहस्य’. टोचणी गेली असेल असं मला वाटत नाही. पण तिला रोज पानं भरायचं काम लागलं होतं. उत्तर हिंदुस्थानातल्या हजारो घरांत टिळक पोचले ते सप्र्यांच्या हिंदीतून.