पाटी रस्त्यावरची आणि गुगलवरची

दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड हवे, असा कायदा कर्नाटक सरकारने २०२४ साली केला. त्याला आपला विरोध आहेच. पण गिऱ्हाईक आता पाटीआधी मोबाईल पाहते, आणि तिथे मराठी लिहायला कुणाची बंदी नाही, इकडे आम्हा सीमावासीयांचे लक्षच नाही.

१ नोव्हेंबर २०१४ ला, नेमक्या आपल्या काळ्या दिनी, बेळगावचे सरकारी नाव ‘बेळगावी’ झाले. पुण्या-मुंबईचा माणूस मात्र आजही ‘बेळगावचा कुंदा’ असेच शोधतो, कधी मराठीत, कधी इंग्रजी अक्षरांत. हे शब्द आपल्या दुकानाच्या पानावर दोन्ही लिप्यांत नसतील, तर तो दुसऱ्याच्या दारात जाणार.

बँकेत कर्जाचे अर्ज हाताळताना आम्ही पाहतो, फर्निचरला लाखो रुपये मांडलेले असतात, या कामाला छदामही नाही. पैसे थांबले की जाहिरात थांबते. नीट लिहिलेले पान मात्र पुढेही गिऱ्हाईक आणत राहते. गुगलवर दुकानाची नोंद तर फुकट होते. निपाणी-खानापूरच्या दुकानदारांनी पत्ता, वेळ, खरे फोटो एवढे तरी दिवाळीआधी भरून घ्यावे. घरातल्या कॉलेजच्या पोराला बसवा, एका दुपारचे काम. आणि आठ दिवसांत पहिला नंबर देतो म्हणणारा एजंट आला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.