पहिल्या घराची सवलत

लंडनहून आमच्या एका वाचक भगिनींनीं एक नाजूक प्रश्न विचारला आहे. त्या व त्यांचे यजमान मिळून तेथें ४,००,००० पौंडांचें घर घेत आहेत. सासरे वारल्यावर पुण्याच्या घराचा अर्धा वांटा यजमानांच्या नांवें झाला होता. कांहीं वर्षांनीं तो त्यांनीं विकला. "इंग्लंडांत तर हें आपलें पहिलेंच घर, मग तसें लिहिण्यास हरकत कोणती?" असें यजमान म्हणतात. भगिनी विचारतात, "मी संमति द्यावी काय?"

आमचें उत्तर स्पष्ट आहे : देऊं नये.

इंग्लंड व उत्तर आयर्लंड येथें प्रथमच घर घेणारांस मुद्रांक-करांत ही सवलत सन २०१७ च्या नोव्हेंबरांत मिळाली. १ एप्रिल २०२५ पासून तिचा नियम असा कीं, पहिल्या ३,००,००० पौंडांवर कर नाहीं, त्यापुढें ५,००,००० पर्यंत शेंकडा ५. किंमत त्याहून अधिक असल्यास सवलतच नाहीं. म्हणजे या घरावर सवलतीनें ५,००० पौंड कर पडतो, सवलतीवांचून १०,०००. मोह आहे तो या पांच हजारांचा.

परंतु प्रथम घर घेणारा म्हणजे ज्याचा जगांत कोठेंहि राहत्या घरावर कधींहि मालकी हक्क नव्हता तो. वारशानें आलेला वांटाहि त्यांत मोडतो, आणि तो विकल्यानें झालेली गोष्ट न झालेली होत नाहीं. दोघे मिळून घर घेत असतील तर दोघांनींहि ही अट पुरी करावी लागते.

"पुण्याचें तिकडे कोणास कळणार?" असें कोणी म्हणेल. पण नोंदणी कार्यालयाची सूची क्रमांक २ आतां घरबसल्या पाहतां येते. हेतुपुरस्सर असत्य लिहिलें असेल तर करखात्यास वीस वर्षांपर्यंत मागें जातां येतें. बुडालेला कर व व्याज तर द्यावें लागतेंच. शिवाय त्या कराच्या शेंकडा ७० पर्यंत, आणि लपवाछपवी केली असल्यास १०० पर्यंत दंड होऊं शकतो. विवरणपत्र वकिलानें भरलें तरी जबाबदारी घेणाराचीच. चूक आधींच घडली असेल त्यानें ती आपण होऊन कळवावी. दंड कमी होतो.

तथापि दंडाच्या भयापेक्षां आम्हांस दुसरी गोष्ट अधिक वाटते. ज्याला वडिलांकडून छपराचा अंशहि मिळाला नाहीं, त्याच्यासाठीं ही सवलत आहे. ती घेणें म्हणजे, "माझ्या वडिलांनीं मजसाठीं घर म्हणून कांहीं ठेवलें नाहीं," असें सरकारास लिहून देणें होय. ज्यांनीं आयुष्यभर काटकसर करून चार भिंती उभ्या केल्या, त्यांचें हें श्राद्ध बरें नव्हे.

भगिनींनीं हें यजमानांस शांतपणें सांगावें, आणि वकिलास पुण्याच्या वांट्याची हकीकत आजच कळवावी. पांच हजार पौंड जड जातील, तर घर थोडें लहान घ्यावें. वास्तुशांतीचे दिवशीं देवापुढें नारळ ठेवतांना मान खालीं घालावी लागूं नये.