रोबोटच्या आडून
१९८३च्या पडझडीनंतर अमेरिकेतले दुकानदार व्हिडिओ गेमचं नाव काढलं तरी हात झटकत. अटारी या गेम कंपनीने तर न खपलेल्या कॅसेट न्यू मेक्सिकोत अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरल्या. अशा बाजारात १९८५ साली निन्टेन्डो उतरली ती सोंग घेऊन. नाव ‘एंटरटेन्मेंट सिस्टिम’, जोडीला प्लॅस्टिकचा रोबोट, आणि कॅसेट व्हीसीआरसारखी समोरून आत सरकवायची. रोबोट जेमतेम दोन गेममध्ये चालायचा, तोही रडतखडत. पण खेळण्यांच्या दुकानात शिरकाव झाला ना! सोंगाची किंमत मोजली ती त्या समोरच्या खाचेने. आतल्या पिना हळूहळू ढिल्या पडत, पडद्याची उघडझाप सुरू होई, की पोरं कॅसेट काढून जोरात फुंकर मारत. फुंकरीतल्या ओलाव्याने उलट कॅसेटमधलं तांबं गंजायचंच. गेम चालू व्हायचा तो कॅसेट पुन्हा नीट बसल्यामुळे.