चारशे की सहाशे?

दिवाळीचा बोनस जमा झाला रे झाला की माझ्या फोनवर एक ठरलेला मेसेज येतो. 'पक्ष्यांसाठी कुठली लेन्स घेऊ? ४०० की ६००?' विचारणारे सगळे आपल्यातलेच. सोमवार ते शुक्रवार हिंजवडी आणि शनिवारी पहाटे साडेचारला गाडी काढून भिगवण. पूर्वी या वयात लोक बाइक घ्यायचे, आता लेन्स घेतात. ईएमआय काय, दोन्हीला बसतोच!

तर मंडळी, आधी फंडा क्लिअर करू. फोटोत पक्षी किती मोठा येणार, हे गणित शाळेतल्या त्रैराशिकाइतकं सोपं आहे. पक्ष्याची लांबी गुणिले फोकल लेंग्थ, भागिले अंतर. शिंजीर घ्या. इवलासा, जेमतेम १० सेंटिमीटरचा. तो १० मीटरवर बसलाय आणि तुमच्याकडे ४०० एमएमची लेन्स आहे. सेन्सरवर तो पडणार ४ मिलिमीटरचा. क्रॉप सेन्सर साधारण २४ मिलिमीटर रुंद, म्हणजे पक्षी फ्रेमच्या एक षष्ठांश. फुल फ्रेम कॅमेरा ३६ मिलिमीटरचा, तिथे एक नवमांश. म्हणूनच पक्षीवाल्यांना क्रॉप बॉडी परवडते आणि पुरतेही.

आता ६०० लावा. त्याच क्रॉप बॉडीवर शिंजीर पाव फ्रेमपर्यंत पोचतो. छानच. पण ४०० ठेवून अंतर पाच मीटर झालं तर? एक तृतीयांश! म्हणजे पाच मीटरनी जे काम केलं, ते २०० एमएमनेही झालं नाही. आणि ते फुकट!

उलट केस भिगवणची. उजनीच्या बॅकवॉटरला येणारे रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, उभे राहिले की सव्वा मीटरच्या वर जातात. बोट तीस मीटरवर असेल तर ४०० एमएमच्या आडव्या फ्रेममध्ये अख्खा पक्षी मावणंच मुश्कील. सहाशेवाल्याच्या कार्डात मग नुसते पाय आणि माना. थवा उडाला की तो बिचारा पक्षी शोधतच बसतो, कारण एवढ्या अरुंद फ्रेममध्ये उडता पक्षी पकडायला महिनोन् महिने सराव लागतो. म्हणून पहिली लेन्स झूम असावी, हे माझं ठाम मत.

वजनाचंही बघा. १५०-६०० झूम साधारण दोन किलोची. कॅननची मिररलेससाठीची १००-४०० साडेसहाशे ग्रॅमच्या आत. अर्थात ती लांबच्या टोकाला एफ ८ वर येते, त्यामुळे सिंहगडाच्या दरीत पहाटेच्या झाडीत तिची दमछाक होते. एफ ४ ची सहाशे प्राइम उजेड भरपूर देते, पण तेवढ्या पैशात बरी गाडी येते. आणि भर दुपारी पाण्यावरून हवा थरथरायला लागली की शंभर मीटरवरचा पक्षी कुठल्याच लेन्सने शार्प येत नाही. तेव्हा सरळ जेवायला जावं.

पण खरा प्रश्न पैशांचा नाहीये. गेल्या हिवाळ्यात आमच्या बोटीतला एक जण नावाड्याला म्हणाला, "दादा, अजून जवळ घ्या ना, उडू द्या त्यांना." दादांनी बांबू चिखलात रोवला आणि शांतपणे म्हणाले, "खाऊ द्या की सायेब. एवढ्या लांबनं प्वाट भरायलाच आलीत ती." बोट तिथेच थांबली. रोहित उलटी चोच पाण्यात घालून गाळत राहिले. दहा-पंधरा मिनिटांनी त्यातले काही स्वतःच चरत चरत आमच्याकडे सरकले.

तेव्हापासून मी सल्ला देताना हेच आधी सांगते. मघाशी ते पाच मीटर फुकट म्हटलं ना, ते पक्ष्याने द्यायचे असतात, आपण ओरबाडायचे नसतात. पाणवठ्याजवळ एका जागी तासभर गप्प बसलं की वेडा राघू, खंड्या आपल्याला दगड समजून जवळ येतात. तुम्ही पावलं टाकत गेलात तर उडतात, खाणं सुटतं, घरट्याजवळ असाल तर पिल्लंही उपाशी. घरट्याचे फोटो तर नकोच. लांब लेन्स घ्यायचीच असेल तर ती पक्ष्याला त्याची जागा राखून देण्यासाठी घ्या.

मग घ्यायची कुठली? क्रॉप बॉडी असेल तर १००-४००ने सुरुवात करा. क्रॉप ध्यानात घेतलात तर फ्रेम तशीही सहाशेचीच मिळते. पाणथळीवर नेमाने जायला लागलात आणि मनगट साथ देत असेल तर १५०-६००. आणि कार्ड स्वाइप करण्याआधी दोन्ही लेन्स एकेका वीकेंडला भाड्याने आणा. घरी आल्यावर आवडलेले दहा फोटो काढा आणि ते किती एमएमवर टिपलेत ते बघा. उत्तर तिथेच असतं.

शनिवारी कवडीला निघतोय, गाडीत एक जागा आहे. लेन्स कुठलीही चालेल, गप्प बसता आलं पाहिजे!