एका टाकीत दोन औषधं

गेल्या महिन्यात कुंदगोळकडून माझा मावसभाऊ कमरीपेठेत आमच्या घरी आला होता. चहा घेता घेता म्हणाला, "अक्का, यंदा दोनदा फवारायचं नाही. दोन्ही औषधं एकाच टाकीत घालतो, मजुरी वाचते. सगळेच तसं करतात."

मला लगेच यवतमाळ आठवलं. 2017 च्या पावसाळ्यात तिथं कापूस माणसाच्या डोक्याइतका वाढला होता. मजूर पंप पाठीवर घेऊन, पुष्कळदा वेगवेगळी औषधं एकत्र करून फवारत होते. फवारा तोंडावर येत होता. उलट्या, चक्कर, डोळ्यांपुढं अंधार अशी शेकडो माणसं दवाखान्यात गेली. एकट्या त्या जिल्ह्यात 20 च्या आसपास माणसं दगावली. पुढं महाराष्ट्र सरकारनं पाच कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी घातली. त्यांत प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन यांचं तयार मिश्रणही होतं.

मिश्रणाचंच भय जास्त का? प्रोफेनोफॉस आपल्या मज्जातंतूंतलं एक विकर बंद पाडतं. मग मेंदूकडून स्नायूंना जाणारा निरोप थांबतच नाही. शिवाय सायपरमेथ्रिनसारख्या विषाचे तुकडे करणारं दुसरं विकरही ते अडवतं. म्हणजे एक विष दुसऱ्याला बाहेर काढणारी वाटच बंद करतं. हे मिश्रण किडीवर जोरात चालतं ते यामुळंच. आणि तशीच विकरं माणसाच्या अंगातही आहेत. इथं एक आणि एक दोन होत नाहीत, अकरा होतात.

मुलांनो, हा प्रश्न फक्त शेतातला नाही. 2002 साली लंडनमध्ये कॉर्टेनकॅम्प यांच्या गटानं स्त्री-संप्रेरकासारखं वागणारी आठ सौम्य रसायनं घेतली. प्रत्येकाचं प्रमाण इतकं कमी, की एकट्यानं काही परिणाम दिसू नये. यीस्टच्या पेशींवर आठही एकत्र तपासली, तेव्हा परिणाम स्पष्ट दिसला. आपले 'सुरक्षित मर्यादे'चे नियम मात्र बहुतेक एकेका रसायनाचाच हिशेब धरतात. आपण तर दिवसभरात धूर, प्लॅस्टिक, साबण, फवारलेली भाजी हे सगळं एकदमच घेतो. 2005 साली ख्रिस्तोफर वाइल्ड यांनी या जन्मभराच्या गोळाबेरजेला 'एक्स्पोजोम' असं नाव दिलं. ती मोजायला डॉक्टर हवेत, रसायनं जाणणारे हवेत, आकडेमोड करणारेही हवेत. कॉलेजात विषय निवडताना हे ध्यानात ठेवा.

घरापुरतं एक सांगते. संडास धुताना ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो थेट छातीत जातो.

भावाशी मी वाद घातला नाही. माझ्या मुलीनं त्याच्या फोनमधला बाटलीचा फोटो मोठा करून त्याला दाखवला. "मामा, हा त्रिकोण पाहा. लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. तुमचा पिवळा आहे." बारीक अक्षरांतल्या सूचनाही तिनं वाचून दाखवल्या. तो गप्प ऐकत होता. उठताना म्हणाला, "दोन दिवसांची मजुरी जाऊ दे. वेगवेगळंच मारतो. आणि तोंडाला, हाताला बांधायचं काय ते पण बघून ठेव, बाळ."

तुमच्या गावाकडंही असा एखादा मामा असेल. या सुट्टीत त्याच्या बाटलीवरचं त्याला वाचून दाखवा.