आमची वाडी हेक्टरात मोजू नका!

कामगार बंधूंनो, ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि श्रीवर्धन-दापोलीकडच्या आपल्या बापजाद्यांच्या वाड्या एका दिवसात आडव्या झाल्या. सरकारनं फळबागेची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार केली आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. अहो, पण कोकणात हेक्टरभर वाडी आहे कुणाची? दहा गुंठ्यांना त्या हिशेबानं आले पाच हजार. पडलेल्या माडांची तोड करून वाडी साफ करायची म्हटली तरी ते पुरायचे नाहीत!

त्यात सातबारा सामाईक. निम्मी नावं मुंबईच्या चाळीत, म्हणजे आम्हीच! टाळेबंदीत गाड्या बंद. संमतीच्या सह्या द्यायला आम्ही काय पोहत जायचं?

२०२१ ला तौक्ते आलं, तेव्हा झाडावर भाव ठरला. सुपारीला ५० रुपये, नारळाला २५०. म्हणजे झाडं मोजता येतात तर! पण ५० रुपयांत फार तर रोप येईल. त्याला सुपारी धरायला सहा-सात वर्षं. तोवर चूल कशावर पेटायची? मनिऑर्डरी ज्यांच्या पगारावर जायच्या, त्या गिरण्याही एकेक करून बंद पडल्या.

आम्ही भीक मागत नाही. झाड धरेपर्यंतच्या सालांचं उत्पन्न द्या, आणि वाडी जो शिंपतो त्याच्या हातात द्या!